बोअरचं केसिंग सिमेंटने सील कसं करायचं: गाडी ठरवण्यापासून पाणी तपासेपर्यंत

पहिला मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत बोअरचं पाणी लालसर, गढूळ येतं, कधी त्याला वासही असतो. घरचे म्हणतात, "खालचं पाणीच तसं आहे." बहुतेक वेळा तसं नसतं. अडीचशे फुटांवरच्या काळ्या पाषाणातलं पाणी एवढ्या लवकर रंग बदलत नाही. वरचं घाण पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाईपच्या, बाहेरच्या अंगाने, पाईप आणि माती यांच्यामधल्या पोकळीतून सरळ खाली उतरतं आणि केसिंगच्या बुडाखालून बोअरमध्ये शिरतं. शेजारचा शोषखड्डा, गोठ्याचं मूत, फवारणीचा पंप धुतलेलं पाणी, सगळं याच वाटेने जातं.

उपाय म्हणून बोअर पूर्ण झाल्यावर तोंडाशी दोन घमेली मालाची थापली जातात. त्याने वरचा फूटभर भाग बंद होतो, खालची पोकळी तशीच राहते. सील म्हणजे ती पोकळी बुडापासून जमिनीपर्यंत सलग सिमेंटने भरणं. ते बोअर खोल मारायच्या आधी करायचं असतं, मागाहून नाही. बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

हा लेख दख्खनच्या कातळातल्या, पिण्याच्या पाण्याच्या बोअरसाठी आहे: वर माती, मग मुरूम, मग कठीण खडक. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत खोदाईची पद्धतच वेगळी असते, तिथे हे जसंच्या तसं लावू नका. फक्त शेतीसाठी बोअर घेणारे विचारतात, "वरचं पाझराचं पाणी कशाला अडवायचं?" प्रश्न रास्त आहे. पण उघड्या बोअरमधून ते पाणी खाली निघून गेलं तर आसपासच्या विहिरींचा पाझर कमी होऊ शकतो. माझं मत असं की शेतीच्या बोअरलाही वरचे वीस फूट तरी सील असावं.

## १. गाडी ठरवताना

बोअर मारायच्या गाडीचा फोनवर फुटाचा भाव ठरवण्याआधी एजंटकडून चार गोष्टी कबूल करून घ्या.

पहिली, वरचा भाग दहा इंची बिटने (खोदणाऱ्या टोकाने) मारायचा. नेहमीचं सात इंची पीव्हीसी केसिंग बाहेरून साधारण १८० मिमी असतं. आठ इंची भोकात ते बसतं, पण बाजूला जेमतेम बारा मिमी जागा उरते. तिथून सिमेंटचा पाईप उतरत नाही आणि वरून ओतलेली स्लरी (सिमेंट आणि पाण्याचं पातळ मिश्रण) मध्येच अडकते. दहा इंची भोक २५४ मिमीचं, म्हणजे प्रत्येक बाजूला ३७ मिमी. बारा इंची बिट मिळालं तर उत्तमच, आणि केसिंग साठ फुटांच्या पुढे जाणार असेल तर त्याचा आग्रहच धरा.

दुसरी, गाडी दोनदा येईल. एकदा केसिंग बसवण्यापुरती, मग दोन-तीन दिवसांनी उरलेली खोदाई. यावर सगळ्यात जास्त वाद होतो, कारण गाडीवाल्याला एका रात्रीत बोअर संपवून पुढच्या गावाला जायचं असतं. त्याच गावात किंवा शेजारी दुसरं गिऱ्हाईक असेल तर मधल्या दिवसांत गाडी तिथे लावता येते. चार घरांनी मिळून ठरवलं तर हे सहज जमतं. गाडी हलवायचे जादा पैसे द्यावे लागले तरी द्या.

तिसरी, केसिंग कठीण खडकात किमान पाच फूट आत जाईल. "मुरूम संपला की केसिंग थांबवा" असं गिऱ्हाईकच पैसे वाचवायला सांगतं. तेच पाच फूट पुढे महागात पडतात.

चौथी, केसिंग नवं आणि सरळ असेल. आयएस १२८१८ हे बोअरच्या पीव्हीसी केसिंगचं मानक आहे, पाईपवर तो छाप पाहा. पातळ शेतीपाईप केसिंग म्हणून चालत नाही, कारण बाहेरून सिमेंटचा दाब येतो तेव्हा तो पिचकतो. पुढच्या खोदाईचं साडेसहा इंची बिट आतून मोकळं जातं ना, हेही पाईप उतरवण्याआधी पाहा.

> सावधान: जागा ठरवताना शोषखड्डा, सेप्टिक टाकी आणि उकिरडा यांपासून किमान पन्नास फूट लांब आणि शक्यतो चढाच्या बाजूला राहा. सील कितीही चांगलं झालं तरी चुकीची जागा सुधारत नाही.

## २. सामान आणि हिशोब आदल्या दिवशी

दहा इंची भोक आणि १८० मिमी केसिंग यांच्यामधल्या पोकळीत फुटाला साधारण ७.७ लिटर स्लरी बसते. बारा इंची भोक असेल तर १४.५ लिटर. पन्नास किलोची एक गोणी आणि पंचवीस लिटर पाणी मिळून सुमारे ४१ लिटर स्लरी होते.

चाळीस फूट केसिंग, दहा इंची भोक: ४० गुणिले ७.७ म्हणजे ३०८ लिटर, म्हणजे साडेसात गोण्या. मुरमात भोक कुठे ना कुठे ढासळून रुंद झालेलं असतं, म्हणून पंचवीस ते तीस टक्के जास्त धरा. दहा गोण्या जागेवर हव्यात. केसिंग किती लागेल ते आधी नक्की कळत नाही. शेजारच्या बोअरांचं केसिंग किती फूट आहे ते विचारून त्यातल्या मोठ्या आकड्याचा हिशोब करा.

सिमेंट ताजं घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी, गोळे धरलेली गोणी परत करा. ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) मिळालं तर ते, नाहीतर पीपीसीही (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) चालतं, फक्त थांबायचा वेळ वाढतो. वाळू आणि खडी आणूच नका, अरुंद पोकळीत आणि पाईपमध्ये ती अडकते.

याशिवाय दोनशे लिटरचे दोन ड्रम, मिक्सरचं पातं लावलेलं ड्रिल मशीन, खिडकीला लावतात ती डासांची जाळी, नरसाळं, लिटरचं माप आणि वजनकाटा लागेल. केसिंगपेक्षा दहा फूट जास्त लांबीचा, बाहेरून पंचवीस मिमीचा एचडीपीई पाईप आणा, स्लरी त्यातूनच सोडायची आहे. वॉटरप्रूफिंगवाल्यांकडे हाताने चालवायचा ग्राउट पंप भाड्याने मिळतो, तो आणला तर काम फार सोपं होतं. चाळीस फुटांपर्यंत नरसाळ्यानेही भागतं.

## ३. वरचं भोक: खडक खरंच लागला का?

हॅमर (बिटला ठोके देणारं खोदाईचं अवजार) मुरमात असताना पिवळट-तपकिरी, दमट चुरा येतो. कठीण खडक लागला की आवाज बदलतो, वेग कमी होतो आणि करड्या रंगाची कोरडी, बारीक पावडर उडायला लागते. इथेच फसगत होते. आपल्या मुरमात गोल गोटे असतात, काही बैलगाडीच्या चाकाएवढे. गोटा लागला तरी तीच करडी पावडर, तोच आवाज. दोन-तीन फुटांनी पुन्हा पिवळा मुरूम सुरू होतो.

म्हणून करडी पावडर सुरू झाल्यापासून सलग पाच फूट तशीच येऊ द्या, मगच खडक लागला असं धरा. दर पाच फुटांचा मूठभर चुरा कागदावर क्रमाने मांडून ठेवा आणि फोटो काढा. हा फोटो पुढे मोटर बसवताना आणि दुरुस्तीच्या वेळीही उपयोगी पडतो.

मध्येच लाल गेरूसारखा मऊ थर लागला तर तो फुगतो आणि ढासळतो. तिथे केसिंग थांबवू नका, त्याच्या खालच्या घट्ट दगडात न्या.

तपासा: भोक हवेने साफ केल्यावर दोरीला वजन बांधून खोली मोजा. गाडीवाल्याच्या रॉडच्या हिशोबापेक्षा दोन फुटांहून जास्त फरक आला तर बुडाशी गाळ बसला आहे. पुन्हा साफ करायला लावा.

## ४. केसिंग उतरवणं

जोडाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. घाईत सॉल्व्हंट न लावता नुसते स्क्रू मारतात. प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे वरचं पाणी आत यायची वाट. सॉल्व्हंट दोन्ही बाजूंना गोल फिरवून लावा, जोड पूर्ण बसवा आणि थोडा वेळ हलवू नका. स्क्रू मारायचेच असतील तर ते पाईपच्या आत डोकावणार नाहीत एवढे आखूड हवेत. लोखंडी केसिंग असेल तर वेल्डिंग पूर्ण गोल फिरलं का ते पाहा, चार टाके मारून सोडलेलं चालणार नाही.

केसिंग भोकाच्या मधोमध राहायला हवं. एका बाजूला टेकलं की तिथे सिमेंट जातच नाही आणि वरपासून खालपर्यंत उभी फट राहते. पाईपचेच दीड इंच रुंद तुकडे कापून, दर पंधरा फुटांवर तीन बाजूंना सॉल्व्हंटने चिकटवा. लाकडी पाचर वापरू नका, ती कुजते आणि मग पाण्याला वाट होते.

स्लरीचा पाईप केसिंगसोबतच उतरवा. केसिंगला तो सुतळीने अगदी हलका बांधायचा, ओढला की सुतळी तुटली पाहिजे. नंतर वरून सरकवायला गेलात तर जोडाच्या कॉलरवर अडकतो. पाईपचं टोक तिरकं कापा आणि बुडापासून फूटभर वर ठेवा.

केसिंग जमिनीच्या वर दोन फूट ठेवा आणि आडव्या पहारीला तारेने घट्ट बांधा. स्लरी पाण्याच्या जवळपास पावणेदोनपट जड असते, पीव्हीसीला ती खालून उचलते.

## ५. केसिंग पाण्याने भरा, मगच सिमेंट

ही पायरी सर्रास गाळली जाते. केसिंग आतून रिकामं असेल तर चाळीस फुटांच्या स्लरीचा बुडाशी साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब येतो. सिमेंट घट्ट होताना तापतं आणि तापलेलं पीव्हीसी मऊ पडतं. दोन्ही मिळून केसिंग आत दबतं, मग साडेसहाचं बिट त्यातून जात नाही. आत पाणी भरलेलं असेल तर दाब निम्म्याहून कमी होतो आणि पाईपही थंड राहतो.

पाणी बुडाखालून थोडं निघून जाईल, तेवढं भरत राहा. थोडी स्लरी केसिंगच्या आत शिरली तर घाबरू नका, खाली अजून बोअर नाहीच, पुढच्या खोदाईत ती फुटून निघते. बोअर आधी पूर्ण मारून मग सील करायला गेलं की हीच स्लरी खाली उतरून पाण्याच्या भेगा कायमच्या बुजवते. आधी सील, मग खोदाई हा क्रम त्यासाठीच आहे.

## ६. स्लरी बनवणं

पाणी आधी मोजून ड्रममध्ये, मग सिमेंट हळूहळू. दोन गोण्यांना पन्नास लिटर, चोपन्नच्या वर कधीच नाही. पाईपमधून सहज वाहावं म्हणून कामगार हमखास बादलीभर पाणी जास्त टाकतात. अशा स्लरीत सिमेंट खाली बसतं, वर पाणी सुटतं, आणि वाळल्यावर ती आक्रसून केसिंगपासून सुटते.

मशीनने पाच मिनिटं फिरवा, जाळीतून गाळा. धिरड्याच्या पिठाइतकी सलग धार पडली पाहिजे. पण डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा.

तपासा: दहा लिटर स्लरीचं वजन, बादली वजा करून, १८ ते १८.५ किलो यायला हवं. १७.५ च्या खाली आलं तर पाणी जास्त झालं आहे, त्यात थोडं सिमेंट मिसळून पुन्हा फिरवा. हे प्रत्येक ड्रमला करा. पहिल्या ड्रमला सगळे करतात, चौथ्याला कोणी करत नाही.

बनवलेली स्लरी अर्ध्या तासात आत गेली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात काम असेल तर पहाटे करा आणि पाणी सावलीतलं घ्या. घट्ट झालेल्या स्लरीत पुन्हा पाणी घालून ती वापरू नका.

सिमेंट अंगावर उडून भाजतं, हातमोजे आणि चष्मा लावा.

## ७. बुडापासून वर भरणं

पहिल्या फेरीत फक्त बुडाची पाच-सहा फूट पोकळी भरा, म्हणजे दहा इंची भोकात साधारण एक गोणी. पाईप लगेच दहा फूट वर ओढा, आतून पाण्याने धुवा आणि चार-पाच तास थांबा. ही गुडदी (बुडाचं सिमेंटचं बूच) बसली की पुढची स्लरी केसिंगच्या आत शिरत नाही आणि केसिंग उचललंही जात नाही.

मग उरलेलं एका दमात. पाईपचं टोक आधी घट्ट झालेल्या थरापर्यंत न्या आणि स्लरी सोडा. पोकळीत साचलेलं पाणी स्लरी वर ढकलत आणते. पाईप हळूहळू वर घ्यायचा, पण त्याचं टोक कायम स्लरीत चार फूट तरी बुडालेलं हवं. टोक एकदा बाहेर आलं की मध्ये पाण्याचा थर अडकतो, आणि सील तिथेच तुटतं. म्हणून पाईपवर दर पाच फुटांना रंगाची खूण करून ठेवा आणि किती ओतलं त्यावरून पातळी कुठे आली असेल ते मोजत राहा.

तोंडाशी आधी गढूळ पाणी येईल, मग पातळ करडं पाणी. इथे थांबू नका. तुम्ही बनवलीत तशीच जाड स्लरी वर दिसेपर्यंत भरा. बाहेर आलेल्या स्लरीचंही वजन करून पाहा.

> सावधान: हिशोबाच्या दीडपट स्लरी गेली तरी पातळी वर येत नसेल तर मुरमात मोठी पोकळी आहे. तिथेच थांबा, पाईप वर काढून धुवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी उरलेलं भरा. दगड, विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती, काहीही आत कोंबू नका. ते मध्येच अडकतं आणि खाली पोकळी राहते.

दुसऱ्या दिवशी सिमेंट फूट-दोन फूट खाली बसलेलं दिसेल. हे नेहमीचं आहे, तेवढी ताजी स्लरी भरून टाका.

## ८. थांबणं आणि सीलची परीक्षा

ओपीसी असेल तर ४८ तास, पीपीसी असेल तर ७२ तास. या काळात हॅमर नाही, केसिंगला धक्का नाही, त्यावर कोणी बसायचंही नाही. कच्च्या सिमेंटला हॅमरची थरथर बसली की ते पाईपपासून सुटतं, आणि वरून काही दिसत नाही.

मग केसिंग काठोकाठ पाण्याने भरा आणि तासभर पाहा. पातळी इंच-दोन इंच उतरली तर ठीक. भराभर उतरली तर बुडाशी गळती आहे किंवा खडकालाच भेग आहे. दोन्हींवर उपाय एकच: केसिंगच्या आत तळाशी पाच फूट स्लरी पाईपने सोडा, पुन्हा दोन दिवस थांबा आणि मग त्यातूनच खोदाई करा.

खोदाई सुरू होताना पहिले दहा फूट हवा कमी ठेवून सावकाश मारायला सांगा आणि स्वतः केसिंगजवळ उभे राहा. केसिंगच्या बाहेरच्या बाजूने धूळ, हवा किंवा बुडबुडे येताना दिसले तर सील फुटलं आहे. हवेला वाट मिळाली म्हणजे पाण्यालाही आहे. खोदाई थांबवून दुरुस्ती करा. गाडी निघून गेल्यावर ही संधी परत मिळत नाही.

## ९. तोंड आणि ओटा

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार केसिंगभोवती ०.५० बाय ०.५० मीटरचा आणि ०.६० मीटर उंचीचा काँक्रीट ओटा हवा, त्यातला ०.३० मीटर जमिनीखाली आणि ०.३० मीटर वर. हा किमान आकार. पिण्याच्या बोअरला मी चारही बाजूंना मीटरभर, बाहेर उतार असलेला ओटा करायला सांगतो. गाडीने चुरा सोडण्यासाठी केलेला खड्डा आणि चर त्याच दिवशी बुजवा, नाहीतर पावसात तिथेच डबकं साचतं.

केसिंगचं तोंड जमिनीखालच्या चेंबरमध्ये झाकू नका. शहरांत पार्किंगची जागा वाचवायला हे सर्रास करतात, आणि चेंबर भरला की सगळं पाणी थेट बोअरमध्ये जातं. झाकणातून केबल आणि पाईप जातात तिथली फट रबरी वायसरने बंद करा.

पुनर्भरणासाठी केसिंगला भोकं पाडून भोवती शोषखड्डा करतात. पिण्याच्या बोअरवर हे करू नका, तुमचं सगळं सील त्या भोकांनी वाया जातं. पुनर्भरणाला वेगळा, पिण्यासाठी न वापरलेला बोअर घ्या.

## १०. निर्जंतुकीकरण आणि तपासणी

साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी असतं. दोनशे फूट पाणी उभं असेल तर साधारण २५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चोथा बसू द्या आणि वरची निवळी ओता. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी उपसा. हे पाणी पिऊ नका आणि झाडांनाही सोडू नका.

वास पूर्ण गेल्यावर चार-पाच दिवसांनी नमुना द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाणी तपासतात. नमुन्याची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. शंभर मिलिलिटरमध्ये ई कोलाय अजिबात सापडता कामा नये, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. दुसरा नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात द्या. सील टिकलं की नाही ते त्यातूनच कळतं.

## आधीच मारलेल्या बोअरचं काय?

उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं असताना, ऊन डोक्यावर असेल तेव्हा आरशाने उजेड केसिंगमध्ये सोडा. केसिंगच्या बुडाशी किंवा जोडांपाशी ओले ओघळ चमकताना दिसले तर वरचं पाणी तिथून येतं आहे. मोटर बंद करून तोंडाशी कान लावला तर ठिबकण्याचा आवाजही येतो.

जोड गळत असेल किंवा भोवतीची पोकळी रिकामी असेल तर जुन्या अरुंद भोकात बाहेरून सिमेंट घालणं जमत नाही. आतून लहान केसिंग उतरवून, बुडाशी रबरी पॅकर (फट बंद करणारं कडं) लावून मधली जागा भरता येते. पण त्यात साडेतीन-चार इंची पंपच बसतो आणि काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. पिण्याखेरीज दुसऱ्या वापरासाठी तो बोअर ठेवणं अनेकदा शहाणपणाचं असतं.

कोरडा गेलेला बोअर उघडा सोडू नका. त्यात मूल पडण्याचा धोका तर आहेच, शिवाय घाण पाण्याला तो खालपर्यंत सरळ रस्ता असतो. मोटर, पाईप, दोरी सगळं काढा. तळापासून स्वच्छ मुरूम किंवा खोदाईचाच चुरा थोडा थोडा टाकत, दोरीने खोली मोजत वर या. घाईने टाकला की मध्ये अडकून पूल होतो. वरचे वीस फूट पाईपने स्लरी सोडून भरा, साडेतीन-चार गोण्या पुरतात. सिमेंट बसल्यावर खाली गेलेला भाग पुन्हा भरा आणि बोअर बुजवल्याची लेखी नोंद ग्रामपंचायतीत द्या.